उशी बसली

व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकात सगळ्यात जास्त काय अडकतं माहितीये? केस. आपल्याला वाटतं माती असेल, दोरा असेल, फार तर प्लास्टिकची पिशवी, पण खोलून बघितलं की आत केसांचा हा एवढा गुंता, एक्सलला गच्च आवळून बसलेला, तेल आणि धूळ खाऊन पार काथ्या झालेला. ब्लेडने कापून चिमट्याने ओढून काढावा लागतो. फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदारसाहेबांच्या खुर्चीतून मी पहिल्यांदा असा गुंता काढला तेव्हा ते म्हणाले, "घरात बायको आणि मुलगी. केस त्यांचे गळतात आणि लंगडते माझी खुर्ची."

माझं खडकी बाजारात सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आता साध्या सायकली कमी आणि मुलांच्या त्या गिअरवाल्या जास्त, पण पंक्चरचं घमेलं अजून तेच, वडिलांच्या वेळचं, कडेला पोचा आलेलं. खडकी म्हणजे सगळा लष्करी कारभार, दारूगोळा कारखाना, रेंजहिल्स, मिलिटरी हॉस्पिटल, त्यामुळे लहानपणापासून आमच्या दुकानात सायकलींच्या जोडीला तीन चाकी हातगाड्या आणि व्हीलचेअर यायच्याच. मागचं चाक चोवीस इंची, चोवीस बाय एक तीन अष्टमांश, ट्यूब आमच्याकडे असायची. तारा बदलणं, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं, छर्रे टाकून ग्रीस भरणं, सगळं सायकलसारखंच. फरक एवढाच की सायकलवाला दुकानात बाकड्यावर बसून चहा पीत वाट बघतो आणि इथे चाक काढलं की माणूसच अडकतो.

वडील या लोकांकडून कधी पैसे घ्यायचे नाहीत. मी पण नव्हतो घेत. मग एकदा साहेबांनीच झापलं. "फुकट करशील तर पुढच्या वेळी हवा कमी झाली तरी मी तुला फोन करणार नाही, ढकलत बसेन. पैसे घे, म्हणजे मला तुला शिव्या देता येतील." तेव्हापासून घेतो. शिव्याही खातो.

साहेब मूळचे सातारा जिल्ह्यातले, अपशिंगे मिलिटरीच्या पलीकडचं गाव, घरटी एक फौजी असायचा असा तो पट्टा. मराठा लाइट इन्फंट्री. आता बोपोडीत तळमजल्यावर राहतात. त्यांना कोणी पहिल्यांदा भेटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "कुठल्या युद्धात?" तर युद्ध वगैरे काही नाही. २००४ साली तवांगच्या रस्त्यावर गाडी घसरली आणि खाली गेली. पाठीत मणका मोडला, डी-१०, म्हणजे बेंबीच्या लेव्हलपासून खाली काही नाही. पाय हलत नाहीत एवढंच लोकांना दिसतं. हे खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा किंचित उतरतो असं साहेब म्हणतात, म्हणजे सहानुभूती असते हो, पण सलामी गेलेली असते. म्हणून अधूनमधून ते सरळ "कारगिल" म्हणून टाकतात. मी समोर असताना एकदा रिक्षावाल्याला म्हणाले. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. मग घरी येईपर्यंत साहेब गप्प, आणि दारात म्हणाले, "उद्या जाऊन त्याला पैसे देऊन ये, स्टँडवर असतो तो." दिले मी. काय सांगून दिले ते विचारू नका.

आणि हे काही साहेबांपुरतं नाही. फौजेतली पोरं गोळीनेच जायबंदी होतात हा आपला एक सिनेमाछाप समज आहे. गाड्या दरीत जातात, पोरं सुट्टीवर येतात आणि बाईकवरून पडतात, झाडावरून पडतात, उन्हाळ्यात विहिरीत सूर मारतात आणि पाणी कमी असतं. मणक्याला काही फरक पडत नाही तुम्ही कुठे पडलात याने. कागदाला पडतो. ड्युटीवर झालं का सुट्टीवर, नोकरीशी संबंध होता का नव्हता, यावर पेन्शनचं सगळं गणित फिरतं आणि त्यासाठी माणसं कोर्टापर्यंत गेलेली आहेत, खुर्चीत बसून.

पुण्यात या सगळ्यासाठी तीन जागा आहेत आणि लोक त्या तिघींची भेळ करतात. वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटर, १९४४ पासूनचं, ते हात-पाय गेलेल्यांसाठी. खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी मुंबईत निघालं आणि पुढे इकडे आलं, तिथे अपंग जवानांना हाताला काहीतरी काम शिकवतात. आणि रेंजहिल्सला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४ चं, जुने लोक अजून पॅराप्लेजिक होमच म्हणतात, ते मणका गेलेल्या माजी सैनिकांसाठी. असं दुसरं मोठं सेंटर थेट मोहालीला. ते चालतं ट्रस्ट म्हणून, सरकारी अनुदान आणि लोकांच्या देणग्या दोन्हींवर. साहेबांना आमच्या गल्लीतल्या एका आजींनी किती वेळा विचारलंय, "अरे ते वानवडीला नकली पाय बसवतात की, तू का नाही बसवून घेत?" साहेब शांतपणे म्हणतात, "आजी, माझे ओरिजिनल आहेत. करंट येत नाही फक्त."

रेंजहिल्सला साहेब काही वर्षं होते. खुर्ची चालवायला तिथेच शिकले, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, जमिनीवर पडलं तर परत वर कसं यायचं. आणि कोणाकडून? तर जे आधी पडले होते त्यांच्याकडून. ते म्हणतात डॉक्टरने सांगितलेलं अर्धं डोक्यात शिरतं, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने "ए गधड्या, ब्रेक लाव आधी" म्हटलेलं जन्मभर लक्षात राहतं. तिथे बास्केटबॉल खेळणारे आहेत, मानेखाली काहीच हलत नाही अशी माणसं तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. मला कौतुक आहेच. पण साहेबांना एका गोष्टीचा वैताग येतो. मुरलीकांत पेटकरांचं नाव आता घरोघरी झालं, आपल्या सांगलीकडचा माणूस, पेठ इस्लामपूरचा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत गोल्ड, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. २०१८ ला पद्मश्री. छाती भरून येते. पण त्यानंतर जो भेटेल तो साहेबांना विचारतो, तुम्ही काय खेळता? "मला पाय चालत होते तेव्हाही पोहता येत नव्हतं," साहेब म्हणतात, "आता रोज सकाळी वेळेवर पोट साफ झालं की मला मेडल मिळाल्यासारखं वाटतं, ते कोणाला सांगू?"

तर पोटाचं. आणि लघवीचं. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मणका गेला की पायाबरोबर ब्लॅडर पण जातं. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून स्वतःच्या हाताने काढायची, घड्याळ लावून, लग्नात असा नाहीतर मयताला असा. हात साबणाने धुवायचे, नळी स्वच्छ. चुकलं की इन्फेक्शन, थंडी भरून ताप. आणि कातडी. आपण झोपेत कूस बदलतो ते आपल्याला कळतही नाही. ज्याला खाली काही जाणवतच नाही तो कूस बदलत नाही, आणि जिथे हाड आणि गादी यांच्यात कातडी दबून राहते तिथलं रक्त थांबतं, आणि ती जागा मरते. पहिल्या महायुद्धात मणक्याला लागलेले बहुतेक सैनिक गोळीने गेलेच नाहीत, ते या जखमांनी आणि लघवीच्या इन्फेक्शनने गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंग्लंडात स्टोक मॅंडेव्हिलला लुडविग गुटमन नावाचा डॉक्टर, हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेला ज्यू, त्याने काय केलं तर दर दोन तासांनी प्रत्येक पेशंटला कूस बदलवायची असा नियम घातला, रात्री पण, आणि रात्री स्वतः वॉर्डात हजर. १९४८ ला लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, २९ जुलैला, त्याने खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली, त्यातून पुढे पॅरालिम्पिक झालं. स्पर्धेची गोष्ट सगळे सांगतात. मला ते दोन तासांचं जास्त मोठं वाटतं.

कारण बोपोडीतल्या त्या तळमजल्यावर गुटमन म्हणजे वहिनी आहेत. साहेबांचे हात चांगले आहेत, दिवसा ते स्वतःचं बघतात, दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन खुर्चीतून अंग वर उचलतात, पुश-अप म्हणतात त्याला, बोलता बोलता उचलतात, समोरच्याला कळत पण नाही. पण सुरुवातीची वर्षं, आणि आजारपणात आता पण, रात्री बारा, दोन, चार, सहा. १०० टक्के अपंगत्व असेल तर कायम सोबत लागते म्हणून फौजेकडून वेगळा भत्ता मिळतो. कागदावर तो साहेबांच्या नावाने येतो. वहिनींनी एकदा हसत म्हटलं, "मी परमनंट नाईट ड्युटी, रजा नाही, प्रमोशन नाही."

आता माझी चूक सांगतो. ही गोष्ट २०१६ ची आहे आणि मी ती आजपर्यंत वहिनींशिवाय कोणाशी नीट बोललेलो नाही.

त्याच्या आधी खुर्चीचं सांगावं लागेल. एका ठिकाणी मोठा कार्यक्रम झाला, स्टेज, बॅनर, शाली, आणि बारा माजी सैनिकांना बारा नव्या कोऱ्या व्हीलचेअर. कोणी दिल्या ते नको. सगळ्या एका साइजच्या, अठरा इंची सीट, घडीच्या, हॉस्पिटलात असतात तसल्या. साहेबांचं माप पंधरा इंच. अठरा इंची सीट म्हणजे चाकांसकट खुर्ची बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच होते, आणि आपल्या फ्लॅटच्या बाथरूमचं दार किती असतं? दोन फूट. चोवीस इंच. नवी खुर्ची बाथरूममध्ये जातच नव्हती. पेपरात फोटो आला त्यात साहेब त्याच खुर्चीत बसून हसतायत, आणि फोटो आला त्या दिवशी ती खुर्ची बाल्कनीत, तिच्यावर कांदे वाळत घातलेले.

मला तेव्हा फार हसू आलं होतं त्या लोकांचं. माप न घेता खुर्ची देतात म्हणजे काय, चपला तरी देतात का कोणी मापाशिवाय. असं सगळं मी दुकानात बसून ऐकवलं. आणि दोन महिन्यांनी मी काय केलं? साहेबांची जुनी उशी, खुर्चीत खाली घ्यायची, ती चेपली होती. चांगली उशी महाग, ती रबरी फुग्यांची तर बाहेरून येते, तिची किंमत ऐकून मला वाटलं हे तर लुटतायत. मी गादीच्या दुकानात गेलो आणि चार इंची फोम कापून आणला, सोफ्याचा, एकदम मऊ, लोण्यासारखा. वर रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं, घट्ट, सुरकुती नाही, पाण्याने पुसता येईल असं. साहेबांना वाढदिवसाला दिली. किती खूश होतो मी. साहेब पण बसून म्हणाले, "अरे वा, राजाची गादी." त्यांना काय कळणार होतं बिचाऱ्यांना, त्यांना खाली लागतंय कुठे.

मऊ फोम हाताने दाबून बघितला की छान वाटतो. माणूस वर बसला की दहा मिनिटांत तो पार तळाला जातो. उशी बसते, आणि हाड सरळ सीटवर. वर ते घट्ट रेक्झिन, ते ताणलेल्या झोळीसारखं होतं, फोम काय करायचं ते करूच देत नाही, शिवाय आत घाम. मे महिना होता. मी माप घेतलं नाही, विचारलं नाही, आणि ज्यांना हसलो त्यांच्यापेक्षा वाईट केलं, कारण त्यांची खुर्ची निदान बाल्कनीत गेली, माझी उशी साहेबांनी माझ्या प्रेमाखातर रोज वापरली.

अकराव्या दिवशी वहिनींना दिसलं. त्या रोज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघतात, बैठकीची दोन्ही हाडं, टाचा, माकडहाड. उजव्या बाजूला रुपयाएवढा लालसर डाग. बोटाने दाबला तर पांढरा व्हायला पाहिजे आणि सोडल्यावर परत लाल. तो दाबल्यावर पण लालच राहिला. वहिनींना त्याचा अर्थ माहीत होता. त्यांनी त्याच रात्री उशी काढून टाकली, पण ते वरून जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट आत झालेलं असतं, आणि आठवड्याभरात ती जागा फुटली.

सात महिने. साहेब पोटावर. खुर्ची नाही, बाहेर नाही, पोटावर झोपून छातीखाली उशी घेऊन लॅपटॉपवर माजी सैनिकांच्या पेन्शनचे अर्ज टाइप करायचे, ते काम ते तेव्हा पण करायचे. ड्रेसिंगं झाली, भरेना, शेवटी ऑपरेशन करून बाजूचं मांस फिरवून खड्डा बुजवला, आणि त्यानंतर परत कित्येक आठवडे बसायची बंदी. मुलगी दहावीला होती. निकालाचे पेढे घेऊन मी गेलो तर साहेब पालथे, मान वळवून मला म्हणाले, "काय मालक, नवीन मॉडेल काढलं का उशीचं?" मला उभं राहवेना. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, मी तिथे गेलो आणि सांगितलं की हे माझ्यामुळे झालं. त्यांनी नाही वगैरे म्हटलं नाही. म्हणाल्या, "हो. पुढच्या वेळी आधी मला विचारा, भावजी." आणि पेढ्याच्या बॉक्सची दोरी सोडायला लागल्या.

त्याच्यानंतर मी टेप घेऊन फिरायला लागलो. आता आमचा एक छोटासा गट आहे, आठ-दहा जण. नाव नाही, बोर्ड नाही, नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, पावती देता येत नाही, म्हणून कंपन्या आमच्या वाटेला जात नाहीत, आणि खरं सांगायचं तर गेल्या तरी त्यांना खुर्च्याच द्यायच्या असतात. खुर्ची मोजता येते, फोटोत येते, तिच्या पाठीवर लोगो छापता येतो. लघवीच्या नळीवर लोगो छापायला कोण तयार होईल? पण खर्च तिथेच आहे हो, महिन्याच्या महिन्याला. नळ्या, हातमोजे, ड्रेसिंग, दर दोन-तीन वर्षांनी उशी, ट्यूब-टायर, पुढच्या चाकांचे बेअरिंग. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून, शाळेत आपल्या खिशाला ते कागदी झेंडे लावायचे आणि घरून पैसे आणायला सांगायचे, ते आठवत असेल. तो निधी माजी सैनिकांसाठीच जातो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथून बऱ्याच गोष्टी मिळू शकतात, फक्त अर्ज करायला लागतो आणि अर्ज करायला जिना चढायला लागू नये एवढं देवाने बघावं.

आम्ही काय करतो तर बारीकसारीक. दाराची रुंदी मोजतो. रॅम्प करतो, त्यात पण माझं एक शिक्षण झालं, एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, लोक चार फुटांत उरकतात आणि मग ती घसरगुंडी होते. साहेबांच्या सोसायटीत दोन पायऱ्या होत्या, त्याच्या रॅम्पसाठी तीन मीटिंगा झाल्या कारण दोन टू-व्हीलरची जागा जात होती. झाला शेवटी. आता सगळ्यात जास्त त्याच्यावरून गॅसचे सिलेंडर आणि वॉकरवाल्या आज्या जातात. उशी कोणाला द्यायची असेल तर आधी बसवून बघतो, खालून हात घालून हाडाच्या खाली इंचभर तरी जाडी राहिलीये का ते चाचपतो, मग तासाभराने कातडी बघायची, दुसऱ्या दिवशी परत. हे मी करत नाही, वहिनी करतात किंवा घरचं माणूस. मी फक्त हवा भरतो.

पण खरं काम चालतं ते वहिनींच्या फोनवर. रेंजहिल्सच्या ओळखी, हॉस्पिटलातल्या बाकड्यावर झालेल्या ओळखी, त्यातून बायकांचा एक ग्रुप झालाय, बायका, आया, एक-दोन बहिणी, एक भाऊ पण आहे. दिवसा त्यात गुड मॉर्निंगची फुलंच असतात, मी बघितलंय. रात्री वेगळंच असतं. कुठली नळी चांगली, पाय आपोआप झटके मारतात त्याचं काय करू, नवरा बोलतच नाही चार दिवस, मी माहेरी दोन दिवस गेले तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त उत्तरं येतात.

परवा रात्री मी साहेबांच्या पुढच्या चाकातले केस काढायला गेलो होतो, साडेदहा झाले असतील. वहिनींचा फोन वाजला. नांदेडकडची एक आई, पोरगा चोवीस वर्षांचा, सुट्टीवर असताना बाईकवरून पडला, घरी आणून तीन आठवडे झाले. आवाज एकदम बारीक. डाग दिसतोय म्हणाली, माकडहाडावर, लाल. साहेबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी चिमटा हातात धरून तसाच बसलो.

"घाबरू नका, आधी स्पीकर लावा आणि फोन खाली ठेवा," वहिनी म्हणाल्या. "टॉर्च कोणाला तरी धरायला सांगा. आता बोटाने दाबा. जोरात नको. दाबून धरा, मी सांगते सोडा म्हणून." मग मोजायला लागल्या, एक, दोन, तीन. तिकडे कोणीतरी खोकलं. "सोडा. काय दिसतंय? पांढरं झालं का?"

तिकडून काही नाही. साहेबांनी खुर्चीतून अंग वर उचललं आणि उचललेलंच ठेवलं.

"झालं ताई," आई म्हणाली. "पांढरं झालं, आता परत लाल होतंय."

"मग ठीके. पाठीवर झोपवू नका आज. कुशीवर ठेवा, दोन तासांनी दुसरी कूस. बाराचा गजर लावा, आणि सकाळी उजेडात परत बघून मला फोन करा." फोन ठेवून त्यांनी आपल्या फोनवर पण बाराचा गजर लावला, आणि मला म्हणाल्या, "भावजी, झालं का तुमचं? चाक बसवा, त्यांना झोपायचंय."